एकदम सगळ्या यूएसबी बंद? लिनक्सवर 'ड्रायव्हर उडाला' म्हणण्याआधी हे बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून नाशकात पण बऱ्याच जुन्या पीसींवर लिनक्स मिंट नाहीतर उबुंटू (विंडोजच्या जागी टाकायच्या फुकट सिस्टिम, दोन्ही लिनक्सच्याच) दिसायला लागलंय, कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्यापासून सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपातल्या बिलिंगच्या मशीनपर्यंत, कारण मशीन ठणठणीत आहे पण सहाव्या-सातव्या जनरेशनचा इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि चालू मशीन भंगारात घालायला जीव होत नाही. मशीन पळतात पण छान. तक्रार एकच, पण ती हमखास: काम चालू असताना कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, पेनड्राइव्ह सगळं एका झटक्यात बंद. स्क्रीन चालू, कोपऱ्यातलं घड्याळ पुढं सरकतंय, माऊसचा बाण मात्र जिथल्या तिथं. दुकानात नेलं की निदान ठरलेलं, "यूएसबीचा ड्रायव्हर उडाला, फॉरमॅट मारावा लागेल", आणि फॉरमॅट करूनही तेच झालं की मग "बोर्ड गेला".

माझं म्हणणं असं आहे की अशा वेळी ड्रायव्हर सहसा उडालेला नसतोच, तो फक्त यूएसबी सांभाळणाऱ्या कंट्रोलर नावाच्या चिपची तक्रार लिहून ठेवतो आणि आपण तक्रार लिहिणाऱ्यालाच आरोपी करतो. ती तक्रार वाचता आली तर निम्मे फॉरमॅट वाचतील.

हा कंट्रोलर नक्की करतो काय

माऊस-कीबोर्डसारख्या यूएसबीच्या वस्तूला स्वतःहून बोलायची परवानगीच नसते. तुम्ही माऊस हलवला तरी तो आपणहून काही कळवत नाही, मदरबोर्डवरची एक चिप दर काही मिलिसेकंदाला त्याला विचारत असते, हललास का, आणि तेव्हा तो सांगतो. ही विचारणारी चिप म्हणजे होस्ट कंट्रोलर.

लासलगावला कांद्याचा लिलाव बघितला असेल तर हे लगेच कळेल. ट्रॅक्टर रांगेत उभे असतात, लिलाव पुकारणारा माणूस व्यापाऱ्यांना घेऊन एकेका ट्रॅक्टरपाशी जातो, शेतकरी आपल्या नंबरची वाट बघतो. आता पुकारणाराच चक्कर येऊन खाली बसला तर आवारातला प्रत्येक ट्रॅक्टर अडकणार, कांदा कितीही चांगला असू दे. कंट्रोलर म्हणजे हा पुकारणारा. आणि ड्रायव्हर म्हणजे ऑफिसात बसलेला कारकून, जो त्याच्या हातात यादी देतो आणि झालेल्या सौद्यांच्या नोंदी परत घेतो.

मशीनमध्ये पण जवळपास असंच चालतं. ड्रायव्हर मेमरीत कामांची यादी लिहून कंट्रोलरला इशारा देतो, कंट्रोलर काम उरकून मेमरीतल्याच दुसऱ्या यादीत 'झालं' असं लिहितो. एखाद्या हुकमाचं उत्तर साधारण ५ सेकंदात आलं नाही तर ड्रायव्हर तो हुकूम मागं घ्यायला बघतो, आणि तेही जमलं नाही की हात टेकतो आणि लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, लिहितो, 'एक्सएचसीआय होस्ट कंट्रोलर नॉट रिस्पाँडिंग, अझ्यूम डेड', त्याच्या खाली 'एचसी डाइड, क्लीनिंग अप'. म्हणजे काय, तर पुकारणारा उत्तर देत नाही, मेला असं धरून चालतो आणि आवार रिकामं करतो. हे वाक्य कारकुनानं लिहिलंय, म्हणजे कारकून जिवंत आहे!

यातलं 'एक्सएचसीआय' हे कंट्रोलरच्या सध्याच्या जातीचं नाव. १९९६ मध्ये यूएसबी आली तेव्हा यूएचसीआय आणि ओएचसीआय अशा दोन जाती होत्या, २००० साली यूएसबी २ बरोबर ईएचसीआय, आणि २००८ च्या यूएसबी ३ साठी एक्सएचसीआय. लिनक्सला तिचा ड्रायव्हर फार लवकर मिळाला, सप्टेंबर २००९ च्या २.६.३१ या कर्नलमध्येच (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, हार्डवेअरशी बोलणारा भाग), त्यामुळं 'लिनक्सला यूएसबी ३ झेपत नाही' हे कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. आधी एका बोर्डावर जुन्या-नव्या जातीचे दोन-तीन कंट्रोलर असायचे, एक बसला तरी कीबोर्ड दुसऱ्यावर चालायचा. इंटेलनं सहाव्या जनरेशनच्या चिपसेटपासून ईएचसीआय काढूनच टाकला, आणि तेव्हापासून साध्या बोर्डावर सगळ्या पोर्टांचा भार एकट्या एक्सएचसीआयवर असतो. म्हणून एकदम सगळं बंद पडतं.

मग ड्रायव्हर कुठून डाउनलोड करायचा?

कुठूनच नाही. हा प्रश्न पडतो कारण सगळ्यांच्या डोक्यात विंडोज ७ बसलंय, ते याच सहाव्या जनरेशनच्या बोर्डावर टाकायला गेलं की सेटअपच्या पहिल्या स्क्रीनवरच माऊस-कीबोर्ड मरायचे, कारण विंडोज ७ मध्ये एक्सएचसीआयचा ड्रायव्हर नव्हताच, तो वेगळा घुसडावा लागायचा, आणि रिपेअरवाल्यांच्या एका पिढीनं ते दुखणं काढलंय. लिनक्समध्ये हा ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतो आणि कर्नल अपडेट झाला की तोही अपडेट होतो. 'लिनक्स यूएसबी ड्रायव्हर फ्री डाउनलोड' असं शोधून जे काही मिळेल त्याला हात लावू नका.

ड्रायव्हर खरंच जागेवर नाही अशा वेळा असतात, पण मोजक्या. अपडेट चालू असताना लाइट गेली आणि नवा कर्नल अर्धवट बसला, ही आपल्याकडची खास. मिंट-उबुंटूवर अर्धवट राहिलेलं काम 'सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए' या कमांडनं पुरं करता येतं (कमांड अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या, आणि 'सुडो' म्हणजे पुढची कमांड मालकाच्या अधिकारानं चालवणं). दुसरी वेळ आर्च लिनक्सवाल्यांची, तिथं कर्नल अपडेट झाला की जुन्या कर्नलचे मॉड्यूल, म्हणजे लागेल तेव्हा जोडायचे तुकडे, डिस्कवरून जातात, आणि रीस्टार्ट न करता पेनड्राइव्ह लावला की ओळखतच नाही कारण चालू आहे जुना कर्नल आणि डिस्कवर तुकडे नव्याचे. 'युनेम डॅश आर' चालू कर्नलचा नंबर सांगतं, लिब फोल्डरातल्या मॉड्यूल्समध्ये त्याच नंबरचं फोल्डर नसेल तर रीस्टार्ट हाच इलाज. अर्धा दिवस डोकं खाजवण्यापेक्षा हे आधी बघा.

खात्री करायची तर 'एलएसपीसीआय डॅश के' चालवा. यूएसबी कंट्रोलरच्या ओळीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' आणि पुढं 'एक्सएचसीआय अंडरस्कोर एचसीडी' असं दिसलं तर ड्रायव्हर जागेवर आहे, विषय संपला. त्याच ओळीच्या सुरुवातीला कंट्रोलरचा पत्ता असतो, इंटेलच्या बोर्डांवर बहुधा ००:१४.०. तो कागदावर लिहून ठेवा, पुढं लागणार आहे.

वस्तू मेली, पोर्ट मेला की कंट्रोलर?

लॅपटॉप असेल तर कमांडच्या आधीच एक सोपी खूण बघायची. लॅपटॉपचा कॅमेरा आणि ब्लूटूथ बहुतेक वेळा आतून यूएसबीलाच जोडलेले असतात, वायफाय मात्र बहुधा पीसीआय एक्सप्रेसवर, म्हणजे बोर्डावरच्या वेगळ्याच वाटेवर. त्यामुळं बाहेरच्या पोर्टांबरोबर कॅमेरा आणि ब्लूटूथ पण गायब आणि वायफाय मजेत चालू, असं दिसलं तर कंट्रोलरच बसलाय. कॅमेरा चालतोय आणि उजवीकडचं एकच पोर्ट बंद, तर कंट्रोलरला कशाला बोल लावायचा, पोर्ट बघा, त्यात कापूस-धूळ बघा, केबल बदला.

मग लॉग. 'सुडो डीमेसेज डॅश डॅश फॉलो' (डीमेसेजचं स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी) लावून ठेवायचं आणि वस्तू काढून परत लावायची, ओळी समोर येतात. काहीच ओळ आली नाही तर लावलेलं कंट्रोलरला कळलंच नाही. ओळ आली आणि शेवटी उणे ११० असेल तर उत्तराची वाट बघून वेळ संपली, उणे ७१ असेल तर उत्तर आलं पण बोलणं मोडकंतोडकं होतं, आणि हे दोन्ही एकाच वस्तूबाबत येत असतील तर माझा पहिला संशय केबल आणि पॉवरवर, सॉफ्टवेअरवर सगळ्यात शेवटी. 'ओव्हर-करंट' दिसलं तर एखाद्या पोर्टातली पिन वाकून चिकटलीय किंवा कुणीतरी प्रमाणाबाहेर वीज ओढतंय. आणि 'अझ्यूम डेड' दिसलं तर वर सांगितलेली गोष्ट.

लोक इथं एक चूक करतात, शेवटची ओळ वाचतात. कंट्रोलर मेल्यावर प्रत्येक वस्तू 'डिस्कनेक्ट' झाल्याच्या ओळी धडाधड येतात आणि माणूस प्रिंटरची ओळ बघून प्रिंटरच्या मागं लागतो. वर सरकत जा, पहिली वाकडी ओळ कुठली ते बघा. रीस्टार्ट करून झालं असेल तरी काही हरकत नाही, 'जर्नलसीटीएल डॅश के डॅश बी उणे १' हे मागच्या वेळचा लॉग दाखवतं.

पण कीबोर्डच बंद आहे, कमांड कुठून टाकू?

रास्त प्रश्न. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड सहसा यूएसबीवर नसतो, म्हणून तो चालू राहतो, टचपॅडही बऱ्याचदा. डेस्कटॉपच्या मागं जांभळं किंवा जांभळं-हिरवं गोल पोर्ट असेल, पीएस-टू म्हणतात त्याला, तर जुना गोल पिनचा कीबोर्ड लावा, तो यूएसबीच्या भानगडीत पडतच नाही. मेन रोडला, रविवार कारंजाकडं जुन्या सामानाच्या एखाद्या दुकानात तो अजून मिळून जाईल. मात्र तो मशीन बंद असताना लावायचा, चालू मशीनवर लावायची ती वस्तू नाही.

तिसरा मार्ग मला जास्त आवडतो, मशीन चांगलं चालू असतानाच ओपन-एसएसएच-सर्व्हर हे पॅकेज टाकून ठेवायचं. मिंटमध्ये ते आपोआप येत नाही. मग कीबोर्ड मेला तरी त्याच वायफायवरच्या मोबाइलवरून मशीनमध्ये शिरता येतं, लॉग वाचता येतो, आणि अर्धवट टाइप केलेली फाइल हातची जायच्या आत मशीन नीट बंद करता येतं. फक्त पासवर्ड १२३४ ठेवू नका.

अजून एक बघून ठेवा, कीबोर्ड बायोसमध्ये (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, लिनक्सच्या आधी चालणारं) आणि सुरुवातीच्या ग्रब मेनूत (इथून लिनक्स सुरू होतं) चालतो का. तिथं चालतो आणि लिनक्स सुरू झाल्यावर मरतो, तर चिप आणि पोर्ट बहुधा धड आहेत, कारण ग्रबपर्यंत त्यांना बायोस वापरत असतो. बायोसमध्येच चालत नसेल तर लिनक्स बिचारं मध्ये आलेलंच नाही.

असा अचानक मरतो कशानं

मला विचाराल तर आपल्याकडे यादीत सगळ्यात वर वीज. यूएसबी २ चं पोर्ट नियमानं ५०० मिलीअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. त्यावर लोक मोबाइल चार्जिंग, छोटा पंखा, एलईडी दिवा, पोर्टेबल हार्डडिस्क असा संसार मांडतात, तोही कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांवर, जी आतून एका बारीक वायरीनं बोर्डला जोडलेली असतात. हार्डडिस्क आणि प्रिंटर मागच्या पोर्टात लावा, बाकीच्यांना स्वतःचा अडॅप्टर असलेला हब द्या. एवढ्यानंच किती 'ड्रायव्हर' दुरुस्त होतात.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात, माहितेय ना? कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटला छोटे कपॅसिटर लावलेले असतात, नको असलेला गोंगाट जमिनीत सोडायला. जमिनीची वायरच नसेल तर कॅबिनेट अधांतरी राहतं, साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, करंट अगदी किरकोळ म्हणून माणसाला फक्त झिणझिण्या. आता शेजारचा प्रिंटर दुसऱ्या स्विचबोर्डावर, दुसऱ्या प्लगला आहे आणि तुम्ही त्याची यूएसबी केबल खुपसली की दोघांच्या पातळीतला फरक त्या केबलमधून मिटतो. चिपला तो झटका कधी काही वाटत नाही, कधी ती गप्प बसते आणि लॉगमध्ये तेच 'अझ्यूम डेड'. त्यात एप्रिल-मेची कोरडी हवा, खुर्चीवरून उठून पेनड्राइव्ह लावताना टचकन बसणारा स्टॅटिकचा चटका, तो पण तिथंच जातो. तीन पिनांतली जाडी पिन कापून दोन पिनच्या बोर्डात घुसवलेला प्लग दुकानादुकानात दिसतो, आणि त्याच दुकानात यूएसबी बंद पडते. मशीन आणि प्रिंटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग एकदा मोजून घ्या.

दुसरं मोठं कारण झोप. लिनक्स वीज वाचवायला रिकाम्या यूएसबी वस्तूंना २ सेकंदांत झोपवू शकतं, आणि सगळी मशीन स्लीपला गेली की कंट्रोलरही झोपतो. काही चिपा झोपेतून उठताना अडखळतात. घोळ फक्त लॅपटॉपचं झाकण उघडल्यावर होत असेल तर इथंच बघा. ग्रबच्या सेटिंगमध्ये 'यूएसबीकोर डॉट ऑटोसस्पेंड इज इक्वल टू उणे १' टाकलं की वस्तूंची झोप बंद होते, बॅटरी थोडी जास्त जाते. टीएलपी नावाचं बॅटरी वाचवणारं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर त्याचीही यूएसबीची सेटिंग तपासा, दोघांपैकी कोण झोपवतंय ते कळायला हवं ना.

तिसरं कारण नवा कर्नल. होतं असं, चिपच्या एखाद्या खोडीवरचा इलाज नव्या कर्नलमध्ये मोडतो. ताडून बघणं सोपं आहे, सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रब आणायचा, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना कर्नल निवडायचा. त्यावर दोन-चार दिवस नीट चाललं तर गुन्हेगार सापडला, आणि यावेळी खरंच ड्रायव्हर होता!

"विंडोजवर तर कधी झालं नाही"

खरं असू शकतं. एकतर विंडोज कंट्रोलर गुपचूप रीसेट करून पुढं जातं आणि एक 'टुंग' आवाज सोडला तर तुम्हाला पत्ता लागत नाही. दुसरं, कंपन्या आपली चिप आणि बायोस विंडोजवर घासून-पुसून तपासतात, लिनक्सवर फार कमी जणं, म्हणून बायोसमधल्या चुका लिनक्सवर उघड्या पडतात. काही जुन्या एएमडी बोर्डांवर बायोसमध्ये आयओएमएमयू (कंट्रोलरसारख्या चिपांना मेमरीचे पत्ते जुळवून देणारी सोय) बंद असलं की ६४ बिट लिनक्सवर यूएसबी चालतच नाही, चालू केलं की चालते, आता यात ड्रायव्हरनं काय करायचं. त्यामुळं बोर्डाच्या कंपनीनं नवा बायोस दिला असेल तर तो टाकणं हा टाइमपास नाही, मात्र इन्व्हर्टर चालू असताना टाका, मध्येच लाइट गेली तर बोर्ड खरंच जाईल.

आत्ताच्या आत्ता जिवंत कसा करायचा

रीस्टार्टनं बऱ्याचदा होतं, पण नेहमी नाही, कारण मशीन 'बंद' असताना पण बोर्डला थोडी वीज मिळत असते आणि अडकलेली चिप अडकलेलीच राहते. शटडाउन करा, भिंतीवरचा स्विच बंद करा, सगळ्या यूएसबी काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग फक्त कीबोर्ड लावून सुरू करा आणि बाकीच्या वस्तू एकेक करून. जिच्यामुळं बसतो ती वस्तू अशीच सापडते.

रीस्टार्ट परवडत नसेल, समजा मोठं काम चालू आहे, तर ड्रायव्हरला कंट्रोलरपासून सोडवून परत बांधता येतं. सिस फोल्डरात बस, पीसीआय, ड्रायव्हर्स, एक्सएचसीआय अंडरस्कोर एचसीडी या वाटेनं गेलं की 'अनबाइंड' आणि 'बाइंड' अशा दोन फाइली असतात. कागदावर लिहिलेला पत्ता, सुरुवातीला चार शून्य आणि कोलन लावून, आधी पहिलीत आणि मग दुसरीत लिहायचा. सुडो लावून इको (दिलेला मजकूर पुढं पाठवणारी कमांड) आणि बाण (>) असं लिहिलं तर परवानगी नाही म्हणून सांगतं, कारण सुडो फक्त इकोला लागू होतं, बाणाला नाही, म्हणून इकोचं आउटपुट 'सुडो टी' (टी-ई-ई) ला द्यायचं. आणि दोन्ही कमांड एकाच ओळीत टाका, मध्ये 'स्लीप २' घालून. कंट्रोलर अर्धामुर्धा चालू असेल आणि नुसतं अनबाइंड मारलं तर तुमचा यूएसबी कीबोर्ड तिथंच मरतो, मग बाइंड कशानं टाइप करणार! लिनक्सच यूएसबी डिस्कवरून चालू असेल तर या वाटेला अजिबात जाऊ नका.

एवढं सगळं करून, वेगळ्या कर्नलवर, वेगळ्या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराच्या) लाइव्ह पेनड्राइव्हवर, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून पण तसंच होत असेल तर मात्र चिप खरंच थकलीय. तरी डेस्कटॉपला नवा बोर्ड लागत नाही, मोकळ्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये यूएसबीचं कार्ड बसतं, त्याच्यावर स्वतःचा कंट्रोलर असतो. घेताना चिप कुठली ते विचारा, रेनेसास कंपनीची चिप असलेल्या काही कार्डांवर फर्मवेअरची (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरची) रॉम नसते आणि मग ती फाइल लिनक्सला वेगळी द्यावी लागते, रॉम असलेलं कार्ड लावलं की चालतं. बायोसमध्ये जुना कंट्रोलर बंद करता येत असेल तर नवं कार्ड लावून कीबोर्ड त्यावर चालतोय हे बघितल्यावरच बंद करा.